उरवायचं नाही

आईच्या आजारपणात ज्यांनी आमचं घर सांभाळलं, त्या काकू बेने इस्राएल होत्या, अलिबागकडच्या. काका सुरतेजवळच्या सचिन गावाच्या जीआयडीसीत एका डाइंग मिलमध्ये कामाला. चाळ बहुतेक खानदेशातून आलेल्यांची. त्यात आम्ही नगरकडचे ख्रिस्ती आणि हे यहुदी. काका मात्र स्वतःला उपरे मानायला तयार नसत. 1791 मध्ये पेशव्यांनी जंजिऱ्याच्या सिद्दी वारसाला तिथला हक्क सोडण्याच्या बदल्यात सचिनचा मुलूख दिला, हे ते ऐटीत सांगत. ‘‘आम्ही आमच्या नवाबाच्या मागोमाग आलो. थोडा उशीर झाला, एवढंच.’’

आई सुरतेच्या दवाखान्यात होती तेव्हा आमचा डबा काकूंकडून येई. शनिवारी त्या चूल पेटवत नसत. म्हणून शुक्रवारी दिवस मावळायच्या आत त्यांच्याबरोबर आमचंही दुसऱ्या दिवशीचं रांधून झालेलं असे. आई बरी होऊन आली आणि सगळ्यांत आधी साडी घेऊन त्यांच्याकडे गेली. काकूंनी घडीसुद्धा मोडली नाही. ‘‘वहिनी, मी तुमच्यासाठी नवस बोलले होते. फेडायचं माझ्याकडे राहिलंय, तुमच्याकडे नाही. रविवारी सगळे मलिद्याला या.’’

मलिदा म्हणजे परातभर भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम-पिस्ते. भोवती खजूर, केळी आणि बाकीची फळं. काकांनी टोपी घालून हिब्रू प्रार्थना म्हटल्या, एलियाहू हन्नबीचं गाणं म्हटलं. अलिबागजवळ खंडाळ्याला या संदेष्ट्याच्या खुणा खडकावर उमटल्याचं त्यांचे लोक मानतात आणि तिथेही नवस फेडायला जातात. खाणं झाल्यावर काकूंनी आम्हा पोरांच्या हाती वाट्या दिल्या आणि चाळीत पिटाळलं. ‘‘काही उरवायचं नाही हं.’’

तेव्हा मला वाटलं, उन्हाळ्यात ओलं खोबरं टिकत नाही म्हणून. खूप वर्षांनी बायबलमधल्या लेवीयचा सातवा अध्याय नीट वाचला. संडे स्कूलमध्ये हे पुस्तक आम्ही भराभर उलटायचो. रक्त, चरबी आणि गुरदे कोण वाचणार? तिथे उपकारस्तुतीच्या अर्पणाचा नियम आहे: मांस त्याच दिवशी खायचं, सकाळपर्यंत ठेवायचं नाही. सोबत भाकरीही आहेत. पुढे रब्बींनी त्या 40 मोजल्या. एक जनावर आणि 40 भाकरी एका घरात एका दिवसात संपतील कशा? माणसं बोलवावीच लागणार. आणि आलेला माणूस विचारणारच, बाबा, झालं काय? मग वाचलो कसा, ते सांगणं आलं. आभार एकट्याने मनातल्या मनात मानून मोकळं होण्याची सोयच त्या नियमाने ठेवलेली नाही.

यरुशलेमचं मंदिर इसवी सन 70 मध्ये पडलं, वेदी गेली, अर्पणं थांबली. कोकणात पोचलेल्या बेने इस्राएलांजवळ तर पोथ्याही राहिल्या नव्हत्या. ‘शमा’ ही प्रार्थना तेवढी तोंडी होती, शब्बाथ होता आणि काही सण होते. वल्हांडणाच्या दिवसांत आंबट पाण्याचं मडकं आठ दिवस झाकून ठेवायचं हे बायकांना माहीत होतं. आंबवण का दूर ठेवायचं, ते विसरायला झालं होतं. मलिद्यात अभ्यासकांना लेवीयच्या दुसऱ्या अध्यायातलं अन्नार्पण दिसतं. पीठ, तेल आणि धुपाच्या जागी पोहे आणि नारळ आले. मला त्याहून सातवा अध्याय जास्त दिसतो, पण मी काही पंडित नाही.

आमच्या चर्चमध्ये शिकवतात की ती अर्पणं सावली होती, ख्रिस्ताच्या बलिदानाने ती पूर्ण झाली. मीही तेच मानतो. पण तेच सांगणारं इब्री लोकांस पत्र शेवटच्या अध्यायात दोन अर्पणं चालूच ठेवतं: ओठांची स्तुती, आणि आपल्यातलं दुसऱ्याला देणं. पहिल्यासाठी आमच्याकडे गायनमंडळ आहे, पेटी आहे, माइक आहे. दुसरं वर्षाकाठी थैलीत पडतं.

काका निवृत्त झाल्यावर दोघं इस्राएलला मुलाकडे गेली. काकूंचं देणं मला तिकडे पोचवता येत नाही. आईसारखी साडी घेऊन गेलो असतो तरी त्यांनी घेतली नसतीच. घरात काही बरं घडलं की मी पातेलंभर पुलाव करून गल्लीत वाटतो. हा यहुद्यांचा विधी तर नाही ना, असं मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी विचारलं. त्यांच्याही हातात मी ताटली दिली आणि आई कशी बरी झाली ते सांगायला बसलो.