दारामागचा खिळा

मैत्रिणींनो, मुलाच्या सहलीच्या संमतीपत्रावर सही करताना तुमचा हात कधी अडखळलाय? माझा यंदा तब्बल आठ दिवस अडखळला. गंमत म्हणजे अशी संमतीपत्रं मुलांकडून गोळा करायचं काम माझंच! आमच्या संगमनेरात एका शाळेत मी अर्धवेळ मराठी शिकवते. डिसेंबरात सातवीच्या मुलांना कळसूबाईला न्यायचं ठरलं. एकोणचाळीस पत्रं वेळेत आली. चाळिसावं माझ्याच पर्समध्ये पडून होतं, आमच्या चिरंजीवांचं.

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक खिळा आहे. घराला दोनदा रंग लागला, पण तो खिळा सासूबाईंनी काढू दिला नाही. तो माझ्या दिरांचा.

1998 च्या मे महिन्यात सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले, तिथे पोचलेले पहिले महाराष्ट्रीय. भाऊजी तेव्हा चौदा वर्षांचे होते. पेपरातलं कात्रण त्यांनी टेबलासमोर चिकटवलं आणि डोंगरावर जायचा हट्ट धरला. सासूबाईंनी आपण सगळ्या जे करतो तेच केलं, साफ नाही म्हणाल्या. मग भाऊजी दर रविवारी 'मित्राकडे अभ्यासाला' जाऊ लागले. एकदा धुणं भिजवताना त्यांच्या खिशातून चेंगरलेली करवंदं आणि मूठभर कुसळं निघाली. "अभ्यासाला काटे होते गं त्याच्या!" असं सासूबाई आता हसून सांगतात. त्या दिवशी मात्र रडल्या होत्या. मुलगा डोंगरावर गेला याचं नव्हे, आपल्याशी खोटं बोलला याचं वाईट वाटलं.

त्या रात्री मायलेकांचा करार झाला. आईनं नाही म्हणायचं नाही, लेकानं लपवायचं नाही. जाताना चिठ्ठी लिहून खिळ्याला लावायची. कुठला गड, कुठल्या वाटेनं वर, कुठून खाली, बरोबर कोण आणि परत कधी. तो घरी आला की सासूबाई चिठ्ठीवर लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण करायच्या, शाळेतल्या बाईंसारखी. एकदा हरिश्चंद्रगडावर धुक्यात मुलं वाट चुकली. चिठ्ठीत 'खिरेश्वरहून वर, पाचनईला उतार' असं लिहिलं होतं, म्हणून आमचे हे थेट पाचनईला गेले. सकाळी गावातल्या माणसांनी मुलांना शोधून आणलं.

मी 2010 मध्ये या घरात आले. मला भाऊजींचा सहवास जेमतेम वर्षभराचा. शुक्रवारी रात्री सासूबाई दशम्या करायच्या, मी शेंगदाण्याची चटणी कुटायची आणि भाऊजी सॅक भरता भरता मला चिडवायचे, "वहिनी, तुमच्या नळाला येते ती प्रवरा मी रतनगडापाशी ओंजळीनं प्यालोय!"

त्याच प्रवरेनं त्यांना नेलं. 2011 चा जुलै होता. रतनवाडीहून गडावर जाणारी वाट प्रवरेचं पात्र पुन्हापुन्हा ओलांडते. उन्हाळ्यात तिथे चप्पलसुद्धा भिजत नाही. पावसाळ्यात मात्र वर डोंगरात मोठी सर आली, की आपण उभे असू तिथे थेंब नसला तरी पाणी बघता बघता फुगतं. उतरताना ते चढलेलं होतं. पाऊस थांबला की असं पाणी काही तासांत ओसरतं. भाऊजींना हे ठाऊक होतं. दुसऱ्यांना तेच तर थांबवायचे. पण मित्र म्हणाले, तो सारखा घड्याळ बघत होता. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'रविवारी रात्री आठपर्यंत परत.'

ही ओळ सासूबाईंच्या काळजात रुतून बसलीय. ती वेळ त्यांनीच लिहायला लावली होती ना!

परवा रात्री मी ते संमतीपत्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्या काही बोलल्या नाहीत. कपाटातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. आत शंभरावर चिठ्ठ्या. एकेक उलगडून त्या पोथीसारखी वाचू लागल्या. रतनगडाच्या नेढ्यात वारा कसा लागतो, कुठल्या गावात कोणत्या आजीनं त्याला नाचणीची भाकरी वाढली, कुठे बुटाचा तळ निघाला म्हणून तो सुतळी बांधून घरी आला. प्रत्येक चिठ्ठीची एक गोष्ट. शेवटची खूण नसलेली चिठ्ठी त्यांनी घडीसकट बाजूला ठेवली. म्हणाल्या, "येणारे-जाणारे मला तो गेला कसा, एवढंच विचारतात. होता कसा ते कुणी विचारत नाही गं."

मी धीर करून विचारलं, "आई, सही करू का?"

"मी काय सांगू? धरून ठेवला तेव्हा खोटं बोलून गेला. सोडला तेव्हा सांगून गेला. दोन्ही करून बसलेय मी."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत चौकशी केली. बरोबर मोठी माणसं किती, वाटाड्या बारी गावातला आहे ना, शिड्यांवर एका वेळी किती मुलं चढवणार? कळसूबाई 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. पण डिसेंबरात ओढ्यांची भीती नसते. सगळं विचारून झाल्यावर सही केली. हात थरथरला, खोटं कशाला सांगू!

तुम्हीही मुलांना बाहेर सोडत असाल, तर दारामागे असा एक खिळा जरूर ठोका. मोबाईलला डोंगरात रेंज असेलच असं नाही, चिठ्ठी मात्र घरात राहते.

काल चिरंजीवांनी त्यांची पहिली चिठ्ठी लिहिली. 'कळसूबाई. बारीहून वर, बारीलाच खाली. शनिवारी संध्याकाळी सातपर्यंत परत.' सासूबाईंनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. मग त्याच्याच हातातलं पेन घेऊन खाली लिहिलं, 'उशीर झाला तरी चालेल.'

चिठ्ठी खिळ्याला लागलीय. लाल पेन्सिल त्यांनी माझ्या हातात दिलीय.