नदीपासून किती लांब?

"घर नदीपासून किती लांब आहे?"

फोनवर नानांचा पहिला प्रश्न हा. मी त्यांना पंधरा फोटो पाठवले होते. किचन, मागच्या अंगणातलं मेपलचं झाड, दोन गाड्या आरामात उभ्या राहतील असा ड्राइव्ह-वे. सगळं सोडून हा माणूस विचारतोय, नदी किती लांब!

"तीन मिनिटं, नाना. चालत! लोक त्यासाठी जास्तीचे पैसे मोजतात इथे."

"आणि उंचावर आहे की सपाटीला?"

मी विषय बदलला. २०१६चा फेब्रुवारी होता, बाहेर उणे अठरा, आणि नदी पांढऱ्या चादरीखाली गपगार झोपलेली. तिला घाबरायचं काय?

नानांचं सगळं आयुष्य मालेगाव कॅम्पात गेलं. सुताचा छोटा व्यापार. रोज मोसम पूल ओलांडून गावात जायचं, यंत्रमागांच्या खडखडाटात दिवस काढायचा आणि संध्याकाळी पूल ओलांडून परत. शुक्रवारी माग बंद, म्हणून शुक्रवारी कान मोकळे. मालेगाव ज्यांना मुंबई-आग्रा हायवेवरच्या पाटीपुरतंच ठाऊक आहे त्यांच्यासाठी सांगते : आमचं गाव दोन नद्यांचं आहे. मोठी गिरणा. आणि दुसरी तिला येऊन मिळणारी, गावाचे उभे दोन भाग करणारी मोसम. एका काठाला नारोशंकरांचा भुईकोट किल्ला आणि मागांच्या गल्ल्या, दुसऱ्या काठाला कॅम्प. आता नदीचं नावच मोसम म्हटल्यावर तिच्याकडून काय अपेक्षा करायची? वर्षातले आठ-नऊ महिने ती नदी आहे हे सांगावं लागतं. आम्ही पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावायचो.

पण पावसाळ्यात एखाद्या दिवशी अचानक पुलावर गर्दी व्हायची. गावात थेंब नाही, लख्ख ऊन पडलेलं, आणि खाली तांबडं पाणी घोंघावतंय. पाऊस पडलेला असायचा वर बागलाणात, हरणबारीकडे. आम्ही पडलो पर्जन्यछायेतले, वर्षाला जेमतेम वीसेक इंचांचे धनी. आमच्या नद्या पाणी आणतात ते दुसऱ्यांच्या आभाळातलं. नाना म्हणायचे, "आपल्याकडचं आभाळ बघून नदी कळत नाही." मला वाटायचं, व्यापाऱ्यांची अशी वाक्यं असतातच.

तर अशी मी, नाशिकला इंजिनीअरिंग, पुण्यात पाच वर्षं आयटी, आणि २०११मध्ये नवऱ्याच्या नोकरीमागे मॉन्ट्रिअल. तुमचा विश्वास बसणार नाही, पण हे शहर बेटावर आहे हे मला वर्षभर नीटसं जाणवलंच नव्हतं. नकाशात दिसतं, मान्य. जवळजवळ ५० किलोमीटर लांब, रुंदी जास्तीत जास्त १६, सुमारे ५०० चौरस किलोमीटरचं बेट. त्यावर वीसेक लाख माणसं. दक्षिणेला सेंट लॉरेन्स आणि उत्तरेला ओटावा नदीचा एक फाटा, त्याचं नाव रिव्हिएर दे प्रेरी. पण मी मेट्रोतून ऑफिसला जायचे. इथली मेट्रो सगळीच्या सगळी जमिनीखालून धावते, एक लाइन तर चक्क सेंट लॉरेन्सच्या तळाखालून. हिवाळ्यात डाउनटाउनमध्ये तीसेक किलोमीटरचे भुयारी रस्ते. मॉलमधून स्टेशन, स्टेशनमधून ऑफिस, कोट हातावर. ज्या पाण्यामुळे शहर वसलं तेच पाणी दिसत नाही!

आणि पाण्यामुळेच वसलं बरं का. १५३५मध्ये जॅक कार्तिए हा फ्रेंच दर्यावर्दी सेंट लॉरेन्समधून इथवर आला. पुढे लाशीनचा खळाळ. जहाज पुढे जाईना. मधल्या डोंगरावर चढून त्याने आजूबाजूला पाहिलं आणि त्या डोंगराला नाव दिलं माँ रॉयाल. उंची अवघी २३३ मीटर. आमच्या साल्हेर-मुल्हेरकडे पाहिलेल्या माणसाला याला 'माउंट' म्हणताना हसू येतं, पण इथे सगळे अगदी गंभीरपणे म्हणतात. १६४२मध्ये वस्ती झाली. जहाजं अडायची तिथे माल उतरायचा, माल उतरायचा तिथे बाजार. कालवा खोदून तो खळाळ चुकवायला १८२५ उजाडलं. तोवर शहर झालेलं होतं.

आणखी एक गंमत. इथे सूर्य उत्तरेला मावळतो! नदी पूर्वेकडे वाहते असं धरून लोकांनी दिशा ठरवल्या, पण इथे ती वळून बरीचशी उत्तरेकडे जाते. त्यामुळे इथली 'उत्तर' म्हणजे खरी वायव्य. जूनमध्ये 'उत्तरेकडे' जाणाऱ्या रस्त्याच्या टोकाला सूर्य बुडताना दिसतो. देवघर पूर्वेला मांडायचं म्हणून आईने व्हिडिओवरून मला दिशा विचारल्या, तेव्हा मी होकायंत्राचं अ‍ॅप उघडलं आणि तोंडात बोट घातलं. आमचा देव तीन वर्षं भलतीकडेच बघत बसला होता.

हवेचं म्हणाल तर जानेवारीची सरासरी उणे दहाच्या आसपास, आणि वर्षाला दोन मीटरच्या आसपास बर्फ. तो उचलायला रात्री महापालिकेच्या गाड्या येतात, आधी भोंगा वाजतो, गाडी हलवली नाहीत तर ती उचलून नेतात. पहिल्या वर्षी आमची नेलीच! शहरातला बर्फ असा ट्रकमध्ये भरून हलवला जातो. पण ओटावा नदी बाराशे किलोमीटरहून लांबून येते. तिच्या दोन्ही अंगांच्या जंगलात पडलेला बर्फ कोण उचलणार? तो तिथेच बसून राहतो. एप्रिल-मेपर्यंत वाट बघतो.

तर घर. पिएरफोंमध्ये, बेटाच्या वायव्येला, रिव्हिएर दे प्रेरीच्या काठाजवळ. घर दाखवणाऱ्या बाईंनी 'वॉटर व्ह्यू' तीनदा म्हटलं. पूररेषा हा शब्द त्यांनीही काढला नाही आणि मीही नाही. तळघरात आम्ही नाना-आईसाठी खोली केली. कोपऱ्यात देवघर, या वेळी होकायंत्र लावून. आजीची गोधडी पलंगावर. त्यांची तिकिटं जून २०१७ची होती.

२०१७च्या एप्रिलमध्ये वरचा बर्फ वितळला आणि त्यावर भरपूर पाऊसही झाला. नदी रोज थोडी रुंद दिसायला लागली. मी फोटो काढून ग्रुपवर टाकत होते, 'सो ब्यूटिफुल' वगैरे. मेच्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या आजोबांनी वाळूच्या गोण्या आणल्या, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आम्हीही लावल्या. पण पाणी गोण्यांवरून आलंच नाही! ते आलं जमिनीतून, तळघराच्या फरशीतून, नाल्याच्या तोंडातून. अगदी शांतपणे. मोसमचं पाणी निदान आवाज करत यायचं. ७ मे रोजी महापालिकेने आणीबाणी जाहीर केली. रस्त्यावर सैन्य. आम्ही मुलीला घेऊन बाहेर पडलो तेव्हा वर छान निळं आभाळ होतं.

आठवडाभराने परत आलो. तळघरात कमरेपर्यंत पाण्याची खूण. भिंती फोडून फेकाव्या लागल्या. आमच्या विम्यात नदीचा पूर धरलेला नव्हता, हे तेव्हा कळलं. बारीक अक्षरं कोण वाचतं? मराठी मंडळींपैकी चार घरचे लोक रविवारी पंप, हातमोजे आणि पोह्यांचा डबा घेऊन आले. सगळ्यात जास्त मी रडले ती गोधडीसाठी. चिखल निघाला, वास निघेना. शेवटी फेकली. नानांना सांगायला दोन दिवस लावले. मला वाटलं, 'तरी मी सांगत होतो' येणार. ते म्हणाले, "पोरगी झोपते का रात्री नीट?" बस. हे एवढं वाक्य मला त्या विम्याच्या कागदापेक्षा जड गेलं.

ते दोघं आले ते वर्षभर उशिरा, जून २०१८मध्ये. आता त्यांची खोली वरच्या मजल्यावर. नाना आल्याआल्या तळघरात गेले, उरलेल्या काँक्रीटच्या भिंतीवरची खूण शोधली आणि पेन्सिलने रेघ मारून शेजारी तारीख लिहिली. मग जुलैच्या सुरुवातीला उष्णतेची लाट आली. पारा ३५ला. नाना हसले, "आमच्याकडे मे महिन्यात ४३ असतं." दुसऱ्या रात्री मात्र ते गॅलरीत बसून होते. हवा दमट, घाम वाळेना, आणि थंडीसाठी बांधलेलं आमचं घर रात्रीही उष्णता सोडेना. "हे ऊन वेगळं आहे," म्हणाले. त्या लाटेत मॉन्ट्रिअलमध्ये ६६ माणसं गेली. पलीकडच्या एकट्या राहणाऱ्या आजींचं दार नाना रोज दोनदा वाजवायचे. ना यांना फ्रेंच येत, ना तिला मराठी. ती दार उघडायची, हे पाण्याची बाटली दाखवायचे, ती मान हलवायची.

२०१९च्या एप्रिलमध्ये नदी पुन्हा चढली, पुन्हा आणीबाणी. या वेळी गोण्या वेळेवर, नवा पंप, आणि मी रोज सकाळी ओटावा नदीच्या विसर्गाचे आकडे बघत होते. पाणी पेन्सिलीच्या रेघेच्या बरंच खाली थांबलं. नाना मालेगावहून विचारत होते, "वर बर्फ अजून किती शिल्लक आहे?" मी आकडा सांगायचे. ते मला हरणबारीचा सांगायचे.

वाटलं, नदी कळली आता. मग ९ ऑगस्ट २०२४ आला. अमेरिकेतून वर सरकलेल्या डेबी वादळाचा उरलासुरला पाऊस, एका दिवसात विमानतळावर दीडशे मिलिमीटरच्या वर. नदी जागची हललीसुद्धा नाही. पण तिच्यापासून कितीतरी लांबच्या, चांगल्या उंचावरच्या मैत्रिणीच्या तळघरात गटारातून पाणी वर आलं. शहरभर तेच. रात्री नानांना फोन लावला. आकडा ऐकून ते जरा वेळ गप्प बसले. आमच्या गावाला तेवढ्या पावसासाठी सीझनचा चांगला तिसरा हिस्सा लागतो.

"म्हणजे आता नदी किती लांब हे विचारून उपयोग नाही," ते म्हणाले.

"नाही ना."

"बरं. पंप चालू आहे का?"

मी फोन घेऊन जिना उतरले, कान लावला आणि त्यांनाही ऐकवला.