धारावीतली ती गल्ली

दिवाळीच्या सुटीत मुंबईला नणंदेकडे गेले होते. धारावीत चामड्याच्या पर्सेस छान मिळतात असं ऐकलं होतं, म्हणून वन्संच्या मागे लागले. माहीम स्टेशनला पूर्वेकडे उतरलो, पण विचारत विचारत जाताना वाट चुकलो आणि शिरलो ते थेट तेरा कंपाउंडात!

जेमतेम दोन माणसं जातील एवढी गल्ली. दोन्हीकडे पत्र्याचे गाळे, आत यंत्रांची घरघर, डोक्यावर पोती घेतलेली माणसं अंगावरून जाताहेत. मुंबईभरचं भंगार प्लॅस्टिक इथं येतं. हातानं जात पाहून निवडायचं, यंत्रात चुरा करायचा, धुवायचा, वाळवायचा आणि वितळवून त्याचा दाणा पाडायचा. तो दाणा पुन्हा कारखान्यात जातो. आपण गच्चीवर गहू वाळत घालतो ना, तशी तिथं छपरांवर निळ्या-पांढऱ्या चुऱ्याची वाळवणं!

एका दारात दोन बायका बाटल्या निवडत बसल्या होत्या. शांपूच्या, लोशनच्या, क्रीमच्या. आणि त्या ढिगात माझी बाटली! म्हणजे माझी नव्हे हो, पण अगदी तशीच, पांढरी, पंपाची. निम्मी भरलेली.

"यात तर अजून क्रीम आहे," मी म्हटलं.

"असंच येतं ताई. आम्हाला धुवायचं काम जास्त," ती हसून म्हणाली.

पंप तिनं उपटून बाजूला टाकला. एवढ्याशा पंपात दोन-तीन जातींचं प्लॅस्टिक आणि वर पोलादी स्प्रिंग. सुटं करत बसलं तर मजुरी सुटत नाही. शांपूच्या पुड्यांचं तर त्याहून वाईट. त्यांचे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की कुणी विकत घेत नाही. त्या सरळ कचऱ्यात. मला वाटायचं, पुडी घेतली म्हणजे काटकसर केली.

वन्सं नाकाला पदर लावून "चल बाई" म्हणत होत्या. पुढं पर्सही मिळाली, घासाघीस करून. पण लक्ष लागेना.

घरी आल्यावर कपाटाचा खालचा खण उघडला. चौदा बाटल्या आणि डब्या निघाल्या. शिकवणीच्या पैशातून मोबाइलवर मागवलेल्या, ह्यांना न सांगता. 'एकावर एक मोफत' म्हणून आलेल्या तर उघडल्याही नव्हत्या. डबीवर उघड्या झाकणाचं चित्र आणि '१२ एम' असं असतं, ते मी आजवर वाचलंच नव्हतं. उघडल्यापासून बारा महिने, असा त्याचा अर्थ. व्हिटॅमिन सीचं सीरम हवा लागून तपकिरी झालेलं. खरं सांगते, त्यातल्या तीनच मी नेमानं लावल्या असतील.

रात्री ह्यांना सगळं सांगितलं. चिडतील वाटलं होतं. ते एकेक बाटली हातात घेऊन किंमत वाचत बसले आणि शेवटी म्हणाले, "आपल्या सायकलचे पैसे झाले असते की गं!" लेकीची सायकल दोन वर्षं लांबली आहे, ते मला आठवत नव्हतं असं नाही.

दुसऱ्या दिवशी मुदत संपलेल्या सगळ्या रिकाम्या करून धुवायला बसले. गळ्याशी अडकलेलं क्रीम काही केल्या सुटेना. चांगलं बादलीभर पाणी गेलं, आणि मोरीत पांढरा तवंग तेवढा राहिला.