गहाळ झालेला ‘सावकारी पाश’

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनीं १९२५ सालीं ‘सावकारी पाश’ हा सामाजिक मूकपट काढिला. त्या काळीं पडद्यावर बहुधा देवादिकांचा व ऐतिहासिक वीरांचा संचार असे. ह्या पटांत मात्र साधा शेतकरी आला. कथा नारायण हरि आपटे यांची. कर्जापायीं जमीन सावकाराच्या घशांत जाते आणि तरुण शेतकरी शहरांत मजूर होतो. ती भूमिका पुढें दिग्दर्शक म्हणून विख्यात झालेल्या व्ही. शांताराम यांनीं केली. आमच्या पणजोबांची चार एकर जमीन अशाच एका अंगठ्यानें गेली, तेव्हां हा पट एकदां तरी पाहावा अशी आमची फार इच्छा होती.

विद्यार्थीहि विचारतात, “गुरुजी, तो कोठें पाहावयास मिळेल?” कोठेंहि नाहीं. पेंटरांनीं १९३६ सालीं तोच विषय बोलपटांत पुन्हां घेतला, परंतु मूळ मूकपट नष्ट झाला आहे. भारतांत १३०० च्या आसपास मूकपट निघाले. त्यांतील फारच थोडे आज पाहतां येतात. तेव्हांची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. ती पेटली कीं पाण्यानेंहि विझत नाहीं, कारण जळण्यास लागणारा प्राणवायु तिच्याच अंगांत असतो. न पेटली तरी दमट उष्ण हवेंत चिकट होऊन अखेर तिची भुकटी होते. शिवाय चित्र उमटतें तें चांदीच्या कणांनीं! १९३१ सालीं बोलपट आल्यावर मूकपटांस गिऱ्हाईक उरलें नाहीं, आणि कितीएक जुनीं रिळें चांदीसाठीं विकलीं गेलीं. पुण्याचें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें तें १९६४ सालीं.

मागें राहिल्या त्या पाहणारांच्या आठवणी. चित्रपट-निर्माते जे. बी. एच. वाडिया यांस मूकपट अंधुकसाच आठवत होता; मात्र पुढच्या बोलपटांतील एक दृश्य त्यांस कित्येक वर्षें आठवत होतें: अंधारांत एक भकास झोपडी, आणि रडणारें कुत्रें.  तें त्यांच्या मनांतून गेलें नाहीं.

१८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळिले. त्या दंग्यांचा सरकारी चौकशी-अहवाल आजहि वाचतां येतो. सरकारनें लिहिलें तें राहिलें. कोल्हापूरच्या कलावंतांनीं शेतकऱ्याचें दुःख दाखविलें तें गेलें, ह्याची आम्हांस खंत वाटते.

आमच्या पालकवर्गांत शेतकरी बरेच आहेत. कोणाच्या वाडवडिलांनीं हा पट पाहिल्याची आठवण घरांत सांगितली जात असल्यास, किंवा जुन्या पेटींत त्याची एखादी जाहिरात असल्यास, ती रद्दींत देण्यापूर्वीं आम्हांस अवश्य कळवावें.