लोण्याचे सत्तावीस पदर

डिसेंबर उजाडला की निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो. मण्यांना तडे जातील या धास्तीनं द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. नाशिकची ही थंडी बागेला जड जाते, लोण्याला मात्र मानवते. म्हणून गंगापूर रोडच्या, कॉलेज रोडच्या साखळी बेकऱ्यांत चॉकलेट भरलेला तो फ्रेंच पदार्थ खावा तर याच दिवसांत.

पाटीवर बहुधा ‘चॉकलेट क्रोसाँ’ लिहिलेलं असतं. फ्रान्समध्ये याला पॅं ओ शोकोला म्हणतात. आकार चंद्रकोरीचा नाही, लांबट चौकोनी. वर तांबूस चकाकी, कापल्या कडेला मोजता येतील असे पदर आणि त्यांच्यामध्ये चॉकलेटच्या दोन कांड्यांची काळी टोकं. काउंटरवरचा मुलगा अदबीनं विचारतो, “मॅडम, गरम करून देऊ?” मी नको म्हणते. मायक्रोवेव्हमध्ये तीस सेकंदांत पदर ओलसर होऊन बसतात आणि त्याचं सगळं वैभव जातं. हातानं मोडावा तो. कुर्र आवाज होतो, पापुद्रे टेबलभर उडतात, आत मऊ पिवळसर जाळी दिसते. मग दाताखाली चॉकलेट येतं, थोडं कडू, भाजूनही वाहून न गेलेलं. लोणी आणि कोको बटर दोन्ही आपल्या अंगाच्या उष्णतेच्या अलीकडेच, साधारण 32 ते 35 अंशांना विरघळतात. म्हणून दोघं जिभेवर एकाच वेळी सुटतात. ही जोडी कुणी जमवली असेल त्याला माझा नमस्कार.

त्यामागची मेहनत आपल्याकडच्या बायकांना समजावून सांगावी लागत नाही. यीस्ट घालून भिजवलेल्या मैद्याच्या पोळीत लोण्याची थंड लादी गुंडाळायची, लाटायची, तिहेरी घडी घालायची, पुन्हा गार करायची. असं तीनदा. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस. दिवाळीत चिरोटे करणाऱ्या घरात हे गणित हातांना पाठ असतं. आमच्याकडे परातीत तूप आणि तांदळाची पिठी तळहातानं फेसून साटा व्हायचा. त्याचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकून बघायचा, तरंगला की झाला. पोळ्यांवर साटा, पोळीवर पोळी, घट्ट गुंडाळी, सुरीनं काप. मग लाटताना आईचं एकच सांगणं असायचं, “लाटण्यावर भार देऊ नकोस, पदर मरतात.” फ्रेंच बेकरही नवशिक्याला याहून वेगळं काय सांगत असेल?

फरक आहे तो पाण्याचा. तुपात पाणी नसतं. लोण्यात सुमारे सोळा टक्के असतं. भट्टीत त्या पाण्याची वाफ होते आणि ती प्रत्येक पदराला वर उचलते. शिवाय यीस्ट आतून फुगवतं. पण लोणी आधीच पाघळलं तर ते मैद्यात मुरतं, पदर उरत नाहीत आणि हाती येतो तो तुपकट पाव. मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो तेव्हा एसी खोलीशिवाय हे काम होणं नाही. म्हणून तर बेकऱ्यांत मार्जरिन शिरलं. ते उष्णतेला दाद देत नाही, स्वस्तही पडतं. पण ते जिभेवरही विरघळत नाही, टाळूला मेणचट थर राहतो. आपल्या खारीत वनस्पती तूप असतं आणि ती चहात बुडवून खायची असते, तिथे ते चालून जातं. इथे नाही.

या कुळातल्या पदार्थांना पॅरिसमध्ये आणलं ते ऑगस्ट झांग नावाच्या ऑस्ट्रियन माणसानं. 1838-39च्या सुमारास त्यानं तिथे व्हिएन्नाच्या पद्धतीची बेकरी थाटली आणि पॅरिसकर तिच्यावर लुब्ध झाले. पुढे हा गृहस्थ मायदेशी परतला आणि 1848 साली त्यानं ‘दी प्रेसे’ हे वर्तमानपत्र काढलं! पदरांची आजची घडण आणि पोटातलं चॉकलेट फ्रेंच बेकरांनी नंतर आणलं. म्हणजे फ्रान्सलाही हा पदार्थ आयता मिळालेला नाही, त्यांनी तो आपलासा केला. नाशिकला ही रीत नवी नाही. सोव्हिन्याँ ब्लाँ, शेनँ ब्लाँ ही फ्रेंच द्राक्षं गंगापूर धरणाच्या आसपासच्या मातीत मुळं धरून बसली, त्याला आता पंचवीस वर्षं उलटली.

आणि चॉकलेट? ते तर आपल्याला वाटतं तितकं परकं मुळीच नाही. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी रामकुंडावरून पुढे जाते आणि सुमारे 1465 किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखाजवळ, आंध्रातल्या गोदावरी जिल्ह्यांत, नारळाच्या सावलीत कोकोची झाडं उभी आहेत. देशातला सर्वाधिक कोको आज आंध्रच पिकवतं. गोदावरीवर धवळेश्वरमला आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्यानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बांध घातला, त्याच्या कालव्यांनी तो सगळा मुलूख हिरवा केला. कोकोची खोडालाच लगडलेली पिवळी-तांबूस बोंडं फोडून बिया आंबवतात, उन्हात वाळवतात, मग भाजतात. आंबवल्याशिवाय बियांना चॉकलेटची चवच येत नाही. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला. ज्या नदीच्या काठी आपण वाढलो तिच्या दुसऱ्या टोकाला चॉकलेट पिकतं, ही गोष्ट नाशिकच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असायला हवी.

म्हणून नाशिकच्या बेकरीवाल्यांना माझं मनापासून सांगणं आहे. थंडीचे तीन महिने तरी खऱ्या लोण्याचा, गोदाकाठच्या कोकोचा हा पदार्थ करून बघा. चार पैसे जास्त लावा, आम्ही देऊ. आणि खाणाऱ्यांनो, सकाळी भट्टीतून ताजा आलेला असेल तेव्हा जा, गरम करायला सांगू नका आणि पैसे देण्याआधी एवढं जरूर विचारा: यात लोणी आहे की मार्जरिन?