रांगेंतील शेवटची गाडी

मनुष्यानें घर बदललें तर शेजारी निरोप द्यावयास येतात, नोकरी बदलली तर सहकारी हार घालतात. पण मोटारसायकल बदलली असतां काय करावें, याचा शिष्टाचार अद्याप कोणीं ठरविलेला नाहीं. हा प्रश्न क्षुल्लक आहे असें ज्या वाचकांस वाटेल, ते बहुधा बसनें किंवा मोटारीनें प्रवास करणारे असावेत. आमच्यावर हा प्रसंग २०२२ सालीं आला, आणि त्यांतून निभावून जातांना ज्या दोनचार गोष्टी ध्यानांत आल्या त्या येथें मांडण्याचा विचार आहे.

१९९४ सालीं आम्ही कॉलेजांत इतिहासाचे अध्यापक झालों आणि पहिल्या वर्षाच्या पगारांतून जें शिल्लक पडलें त्यांत एक वापरलेली येझ्दी विकत घेतली. तिला घरीं आणून दोन वर्षें होतात न होतात तोंच, १९९६ सालीं, म्हैसूरचा तिचा कारखाना बंद पडला. कारखाना बंद पडला म्हणजे गाडी पोरकी झाली. नवे सुटे भाग यावयाचे थांबले, आणि ज्यांच्यापाशीं अशा पोरक्या गाड्या होत्या ते एकमेकांना शोधूं लागले. पुण्याच्या जुन्या बाजारांत बुधवारीं आणि रविवारीं लोखंडाच्या ढिगांपुढें उकिडवीं बसून कार्ब्युरेटर अथवा क्लचच्या प्लेटा धुंडाळणारीं माणसें आम्हांस प्रथम तेथेंच भेटलीं. एकाच भागावर दोघांचे हात पडावे, दोघांनीं एकमेकांकडे रागानें पाहावें, आणि मग दोघांनीं मिळून चहाला जावें, अशा रीतीनें आमचें मंडळ जमलें. त्याला घटना नाहीं, वर्गणी नाहीं, अध्यक्षहि नाहीं. त्यांत एक वकील, एक डेअरीचे मालक, बँकेंतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, दोघे-तिघे तरुण अभियंते, आणि नाना पेठेंतील एक मिस्त्री आहेत. मिस्त्री हेच काय ते खरे पंडित. बाकीचे आम्ही सारे विद्यार्थी.

ज्यांनीं ही गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द लिहिणें जरूर आहे. तिला सिलिंडर एक, पण सायलेन्सर दोन. पेट्रोलांतच लिटरमागें तीस-चाळीस मिलिलिटर तेल मिसळून तें तिला पाजावें लागतें, आणि तें जळून निळसर धूर मागें रेंगाळत राहतो. पण तिची सर्वांत मोठी गंमत म्हणजे डाव्या पायाजवळचा दांडा. किक मारण्याचा दांडा तोच आणि गिअर टाकण्याचा दांडाहि तोच. आंत दाबून वर फिरविला कीं त्याची किक होते. गाडी सुरू झाली कीं तो पुन्हां पुढें आणून त्यानेंच गिअर टाकावयाचा. अनोळखी माणसास ही युक्ति सहसा उमगत नाहीं. ही गाडी चोरण्यापूर्वीं चोरालाहि शिकवणी लावावी लागेल, असें आमचे वकील मित्र नेहमीं म्हणतात.

२०२२ च्या उन्हाळ्यांत आमच्या डाव्या गुडघ्यानें असहकार पुकारला. डॉक्टरांनीं दोन गोष्टी सांगितल्या: एक, किक मारणें बंद करावें, दोन, शक्य तर दुचाकीच बंद करावी. पहिली आज्ञा आम्हीं तत्काळ मान्य केली. दुसरी ऐकूं आली नाहीं. म्हणजे बटण दाबतांच सुरू होणारी गाडी घेणें आलें. बरेच दिवस मनाशीं वाद घालून आम्हीं शेवटीं रॉयल एन्फील्डची बुलेट घेतली.

या एका वाक्यांत केवढा अपराध सांठविलेला आहे याची सामान्य वाचकास कल्पना येणार नाहीं. जावा-येझ्दीवाले आणि बुलेटवाले यांचें हाडवैर नसलें तरी भाऊबंदकी निश्चित आहे. ते आमच्या धुराला हंसतात, आम्ही त्यांच्या वजनाला हंसतों, आणि घाटांत एकमेकांना गांठून पुढें जाण्याची संधि कोणीच दवडीत नाहीं. आम्ही पहिल्या रविवारीं नवी गाडी घेऊन चहाच्या दुकानापुढें उतरलों तेव्हां कोणी कांहीं बोललें नाहीं. मग बँकेच्या गृहस्थांनीं गंभीरपणें विचारलें, “धर्मांतर केव्हां झालें?” वकीलसाहेब गाडीभोंवतीं एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, गुडघा दुखतो म्हणून लोक हलकी गाडी घेतात. तुम्हीं तर चाळीस-पन्नास किलो जास्तच घेतलेंत. हें औषध कोणत्या वैद्याचें?” एका तरुणानें सौम्यपणें सुचविलें कीं, २०१८ सालीं जावा हें नांव नव्या कंपनीनें पुन्हां बाजारांत आणलें आहे, २०२२ च्या जानेवारींत येझ्दीहि परत आली आहे, त्या गाड्यांनाहि बटण आहे, मग घर सोडण्याचें कारण काय?

ती नवी जावा आम्हीं पाहिली नव्हती असें नव्हे. दुकानांत जाऊन तिच्यावर बसूनहि आलों होतों. तिच्यांत उणें कांहीं नव्हतें. परंतु तिचें इंजिन चार स्ट्रोकचें आहे आणि तो दुहेरी दांडा तिला नाहीं. ओळखीच्या नांवानें हांक मारावी आणि अनोळखी आवाजानें ओ द्यावी, असें आम्हांस रोज सकाळीं वाटत राहिलें असतें. बुलेटपाशीं आमची कसलीच जुनी अपेक्षा नव्हती. त्यामुळें तिच्याकडून निराशाहि संभवत नव्हती.

पण हें मनांतलें कारण सांगण्याचें सोडून आम्हीं आमच्या व्यवसायाला शोभेल असा मार्ग धरला, म्हणजे व्याख्यान दिलें. जावा हें नांव तरी कोठलें? प्रागचा शस्त्रांचा कारखानदार फ्रांटिशेक जानेचेक यानें १९२९ सालीं वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकल बनविण्याचा परवाना घेतला, आणि जानेचेकचा ‘जा’ व वांडररचा ‘वा’ जोडून जावा हें नांव केलें. म्हणजे ज्या नांवाच्या निष्ठेची आपण शपथ घेतों त्या नांवांतच दोन घराणीं नांदत आहेत. पुढें मुंबईच्या इराणी कुटुंबानें म्हैसूरला कारखाना काढला. तेथून १९६१ पासून जावा बाहेर पडूं लागल्या, आणि १९७३ पासून त्यांवर येझ्दी हें नांव आलें. इराणांतल्या यझ्द शहरावरून तें घेतलें असें आपल्यांतच सांगतात. मग आपल्या रांगेंत जावा आणि येझ्दी शेजारीशेजारी उभ्या असतात, त्यांना कोणी परधर्मीय म्हणतें काय? आणि बुलेट तरी कोणाची? इंग्लंडांतील रेडिच गांवच्या कारखान्यानें १९३२ सालीं हें नांव प्रथम वापरलें. १९५४ सालीं आपल्या लष्करानें तशा ८०० गाड्या मागविल्या, १९५५ सालीं मद्रासला कारखाना निघाला, आणि १९७० सालीं इंग्लंडांत रॉयल एन्फील्डचें उत्पादन संपलें तरी मद्रासेंत तें चालूच राहिलें. जी माहेरीं नाहींशी झाली ती सासरीं नांदत राहिली. येणेंप्रमाणें नांव, गांव आणि मालक हीं तिन्ही बदलतात, तर आमच्यासारख्या एका अध्यापकानें गाडी बदलली तर काय बिघडलें?

मंडळींनीं हें सर्व शांतपणें ऐकून घेतलें. प्रतिवाद कोणींच केला नाहीं. वकीलसाहेबांनीं तर मानहि डोलावली. मग तो मघाचाच तरुण म्हणाला, “सर, या गाडीला प्लग कोणता लागतो?”

आम्हांस ठाऊक नव्हतें.

येझ्दीचा एकूण एक स्क्रू आम्हांस ठाऊक होता. भर पावसांत, बॅटरीच्या उजेडांत, वेल्ह्याच्या रस्त्यावर बसून आम्हीं तिचा कार्ब्युरेटर साफ केलेला होता. या नव्या गाडीचें आम्हांस एक बटण तेवढें माहीत होतें. आमचा इतिहास बिनतोड होता, परंतु प्रश्न इतिहासाचा नव्हताच. आमच्या मंडळांत माणसाची ओळख त्याच्या गाडीच्या नांवानें होत नसे. त्याच्या हातांना काय ठाऊक आहे यानें होत असे. आणि तें ज्ञान आम्हीं होऊन निरुपयोगी करून टाकलें होतें.

ही जाणीव पुढल्या रविवारांत वाढतच गेली. आमची येझ्दी आम्हीं त्याच तरुणाला दिली. सुट्या भागांची पत्र्याची पेटीहि तिच्याबरोबर गेली. आतां बोलणें निघे तें नेहमींचेंच: कोणाला कोठें जुना सायलेन्सर मिळाला, कोणाचा क्लच घसरतो, म्हैसूरच्या बाजूला कोणापाशीं काय शिल्लक आहे. आम्ही ऐकत असूं. मधून मत देऊं लागलों कीं आपला आतां काय संबंध, असें मनांत येऊन वाक्य अर्ध्यावर सोडीत असूं. कोणी आम्हांस दूर केलें नाहीं. आम्हीच थोडे थोडे बाजूस सरत गेलों. जुलैच्या दुसऱ्या रविवारीं जावा-येझ्दीवाल्यांचा जो सण असतो त्या दिवशीं उत्तरपत्रिका तपासावयाच्या असल्याचें आम्हीं कळविलें. उत्तरपत्रिका होत्या, परंतु पस्तीसच होत्या. पुढें चार महिने आमच्याकडे उत्तरपत्रिकांचा तोटा पडला नाहीं.

त्या चार महिन्यांत एक ओंगळ विचार आमच्या मनांत येऊन गेला. तो लपवून हा लेख लिहिण्यांत अर्थ नाहीं. २०२१ च्या एप्रिलांत आम्ही करोनानें अंथरुणाला खिळलों होतों तेव्हां डेअरीच्या मालकांनीं रात्रीं अकरा वाजतां कोठून तरी ऑक्सिजनचें यंत्र मिळवून आमच्या दारांत आणून ठेवलें होतें. तें त्यांनीं कोणासाठीं आणलें? आमच्यासाठीं, कीं आपल्या एका येझ्दीवाल्यासाठीं? गाडी नसती तर त्यांची आमची ओळख कशाला झाली असती? मग गाडीबरोबर ओळखहि विकली गेली काय? ज्या माणसानें आपल्यासाठीं अर्धें शहर पालथें घातलें त्याच्याविषयीं असा प्रश्न मनांत येणें हाच कृतघ्नपणा होय. पण तो आला खरा. आणि आल्यावर रविवारीं घरीं बसणें अधिकच सोपें झालें.

मार्गशीर्षांत एका संध्याकाळीं मिस्त्री घरीं आले. ते सहसा कोणाच्या घरीं जात नाहींत. आम्हीं गैरहजेरीची सबब सांगावयास आरंभ केला, पण त्यांनीं ती ऐकलीच नाहीं. चहा पिऊन होतांच ते म्हणाले, “सर, रविवारीं वरंधा घाटांत जायचंय. अकरा गाड्या आहेत. मागं राहायला कोणी नाही. तुम्ही मागं राहा.”

रांगेंत शेवटीं राहणाराचें काम काय असतें तें येथें सांगितलें पाहिजे. पुढला रस्ता दाखवितो. शेवटला मात्र कोणी थांबला कीं थांबतो, आणि सर्वांच्या मागून पोंचतो. चढावर दहा वेळां थांबून दहा वेळां गाडी सुरू करावी लागते. बटणाची गाडी त्या कामाला बरी, असें मिस्त्रींचें म्हणणें होतें. यापलीकडे ते कांहीं बोलले नाहींत, आणि आम्हांसहि कांहीं बोलणें सुचलें नाहीं.

रविवारीं भोर मागें टाकून आम्ही नीरा-देवघरच्या पाण्याकडेनें निघालों. पाण्यावर धुकें होतें. आमच्यापुढें तो तरुण, म्हणजेच आमची येझ्दी होती. आणि तेव्हां एक गोष्ट ध्यानांत आली, ती इतकी साधी होती कीं तिचें नवल वाटलें. २८ वर्षें जी गाडी चालविली ती चालतांना कशी दिसते हें आम्हीं कधींच पाहिलेलें नव्हतें. स्वाराला आपली गाडी मागून दिसत नाहीं. तिचे दोन सायलेन्सर वळणावर एका बाजूला कलत होते, निळसर धुराची रेघ धुक्यांत मिसळत होती, आणि गिअर बदलतांना तिचा आवाज क्षणभर पडून पुन्हां चढत होता. तो आवाज आम्हीं नेहमीं खालून ऐकला होता; आज तो समोरून येत होता. वाईट वाटेल असें आम्हांस वाटलें होतें. वाटलें तें निराळेंच: गाडी नीट चालली आहे ना, एवढीच काळजी.

ती नीट चाललेली नव्हती. घाट लागतांच धूर दाट झाला, आवाज चुकूं लागला, आणि एका वळणावर ती बंद पडली. बाकीच्या गाड्या पुढें निघून गेल्या. तरुण चार-पांच किक मारून घामाघूम झाला. आम्हीं बाजूस गाडी लावून विचारलें, “तेल किती घातलंस?” तो ओशाळून म्हणाला, “सर, थोडं जास्तच पडलं. म्हटलं घाट आहे, इंजिनला बरं.” प्लग काढून पाहिला तों काजळीनें काळा ठिक्कर. त्याच्यापाशीं दुसरा नव्हता.

आम्ही बुलेटच्या बाजूच्या पेटींत हात घातला. तेथें फडक्यांत गुंडाळलेला येझ्दीचा एक प्लग होता. सुट्या भागांची पेटी दिली त्या दिवशीं तेवढा एक आम्हीं मागें ठेवला होता. कां, तें तेव्हां स्वतःस विचारलें नव्हतें. तरुणानें प्लगकडे पाहिलें, बुलेटकडे पाहिलें, आणि हंसूं दाबीत तो बसवावयास लागला. दुसऱ्या किकेला गाडी सुरू झाली.

वर माथ्यावर मंडळी चहा घेऊन खोळंबली होती. उशीर कां झाला तें तरुणानें सांगितलें. वकीलसाहेब म्हणाले, “म्हणजे धर्मांतर पुरतें झालेलें दिसत नाहीं.” डेअरीच्या मालकांनीं न बोलतां चहाचा पेला आमच्यापुढें केला. मिस्त्रींनीं विचारलें तें एवढेंच, “काळ्या प्लगाचं काय केलं? टाकला नाही ना?” तरुणानें तो खिशांतून काढून दाखविला.

तेव्हांपासून शेवटची जागा आमची आहे. बुलेटला प्लग कोणता लागतो तें आतां आम्हांस ठाऊक झालें आहे, आणि तोहि एक जवळ असतो. तरुणानें आमचा प्लग परत केला नाहीं, आम्हींहि मागितला नाहीं. पुढल्या बुधवारीं जुन्या बाजारांत जाऊन, ढिगांपुढें गुडघा जपून बसून, येझ्दीचा दुसरा शोधून आणला आणि त्याच फडक्यांत गुंडाळून ठेवला.