फिरता विक्रेता

आमच्या वसईचा माणूस विक्रीला नवखा नाही. केळी, भाजीपाला, फुले घेऊन आपल्या वाडवडिलांनी पहाटेच्या गाडीने मुंबई गाठली आणि त्यावर संसार उभे केले. परंतु स्वतःच्या वाडीतला माल विकणे वेगळे आणि कंपनीचा माल घेऊन परक्या दारात उभे राहणे वेगळे. गेल्या पावसाळ्यात प्रभुघरी गेलेल्या आमच्या धर्मग्रामातील एका गृहस्थांनी हे दुसरे काम तीसेक वर्षे केले. औषध कंपनीचे ते प्रतिनिधी. खानदेश आणि मराठवाडा हा त्यांचा मुलूख. महिन्यातले वीस दिवस एस.टी. आणि लॉज. दवाखान्यात शेवटचा रोगी उठेपर्यंत बाकावर बसायचे आणि मग दोन मिनिटांत आपले म्हणणे मांडायचे. त्यांचे नाव मी लिहीत नाही. निवृत्तीनंतर ज्या संस्थेत ते रमले, तिच्यात घरभेटींची वाच्यता न करण्याचा दंडक आहे आणि तो त्यांनी कसोशीने पाळला.

ती संस्था संत विन्सेंट दी पॉल यांच्या नावाची. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने सोबत्यांसह तिचा आरंभ केला. गरिबाला मदतीसाठी आपल्या दारी बोलवायचे नाही, आपण त्याच्या घरी जायचे, हे तिचे मूळ सूत्र.

तरुण सभासद पहिल्याच भेटीला तांदळाची पिशवी घेऊन निघत. काका ती खाली ठेवायला लावीत. ‘‘पहिल्या भेटीत माल दाखवायचा नाही. बसायचं, प्यायला पाणी मागायचं.’’ ज्याच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत, त्यालाही पाहुण्याला पाणी देता येते. तांब्या पुढे करताना तो याचक राहत नाही, यजमान होतो. सेमिनरीत आम्ही प्रवचनशास्त्र शिकलो. दारात कसे उभे राहावे हा विषय तेथे नव्हता. एका व्यसनी माणसाने त्यांना तीनदा हाकलले, तरी ते चौथ्यांदा गेले. ‘‘डॉक्टर तरी पहिल्या भेटीत कुठे औषध लिहून देत होते, फादर?’’

तथापि एवढेच लिहिले तर काकींवर अन्याय होईल. त्या एकदा मला म्हणाल्या, ‘‘फादर, कंपनीनं यांना सोडलं, मग तुम्ही धरलं. माझ्या वाट्याला हे आले कधी?’’ चर्चच्या कामाला वाहून घेतलेल्यांची आपण मुक्तकंठाने स्तुती करतो. त्याची किंमत घरात कोण मोजते, हे सहसा विचारीत नाही.

पुढे काकी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्या आणि काकांनी संस्थेचे अध्यक्षपद सोडले. काहींना ते रुचले नाही. घरात सून आहे, बाई ठेवता येते, असे बोलले गेले. काकांनी वाद घातला नाही. पाच वर्षे ते पेज शिजवीत, घास भरवीत, काकींचे केस विंचरीत. पहिल्या शुक्रवारी मी आजाऱ्यांना कम्युनियन घेऊन जाई, तेव्हा पुष्कळदा मला ओटीवर थांबावे लागे, कारण वेणी अर्धी राहिलेली असे. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला हाच काळ सर्वांत भरीव. स्मरणसभेत मात्र त्याचा उल्लेख एकाही वक्त्याने केला नाही.

काकींची वेणी आता सून घालते. ती फार घट्ट होते, अशी त्यांची तक्रार आहे.